नऊ वाजता फोन करणारा माणूस

धारवाडहून सहा फ्लॉप्या आल्या तेव्हा अणशीत सलग सहावा दिवस पाऊस कोसळत होता, आणि पोस्टमनने त्या शर्टाच्या आत पोटाशी धरून आणल्या होत्या. "बाई, गरम हाय, पण सुकं हाय," असं म्हणत त्याने पाकीट ताराच्या हाती दिलं. ऑगस्टात अणशीला एखादी वस्तू सुकी पोचणं हाच एक पराक्रम असल्यामुळे, आत काय आहे याची चौकशी त्या दिवशी कोणी केली नाही.

पाकिटावर नाव आप्पांचं होतं. आप्पा मार्चमध्ये गेले. ही बातमी ताराने धारवाडच्या पर्जन्य केंद्राला तारेने, पत्राने आणि फोनवरून अशी तीनदा कळवली होती. केंद्राने तिन्ही वेळा तीव्र दुःख व्यक्त केलं होतं आणि दर वेळी त्यापुढचं पत्र आप्पांच्याच नावे पाठवलं होतं.

आप्पा, म्हणजे ताराचे वडील दत्तात्रय मास्तर, १९७१ पासून परसातल्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजत आणि वहीत लिहीत. सव्वीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. ताराच्या आत्याच्या लग्नाचं वऱ्हाड खानापूरला निघालं तेव्हा साडेआठ वाजायला दहा मिनिटं कमी होती, आणि तेवढी दहा मिनिटं सबंध वऱ्हाड रस्त्यावर उभं होतं. दोन वर्षांपूर्वी केंद्राने काळी नदीच्या खोऱ्यातल्या सहा मोजणाऱ्यांच्या घरी एकेक कॉम्प्युटर बसवला. आकडा त्यात घालायचा, नऊ वाजता कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेवरून धारवाडच्या मोठ्या कॉम्प्युटरला फोन लावणार, नाव आणि परवलीचा शब्द सांगून आत शिरणार, आकडा ठेवणार आणि बाहेर येणार. आप्पांना हे सगळं एखाद्या सभ्य माणसाने दुसऱ्याच्या घरी जाऊन यावं तसं वाटे. मार्चपासून हे काम ताराकडे होतं. ती गावातल्या मराठी शाळेत सातवीला शिकवायची, शाळा दहाला भरायची, त्यामुळे वेळेचं जमत होतं.

फ्लॉप्यांबरोबर एक सायक्लोस्टाइल पत्र होतं. नवी, सुधारित प्रणाली, फ्लॉप्या एक ते सहा या क्रमाने घालाव्यात, आणि खाली, काळ्या रेघेच्या चौकटीत: "सलग पंधरा दिवस नोंद न आल्यास सदर ठाणे बंद समजून यादीतून आपोआप वगळले जाईल." पत्राला पान एक होतं आणि पान तीन होतं. तीनवर फक्त संचालकांची सही होती. पान दोन नव्हतं. ताराने पाकीट उलटं करून झटकलं, पोस्टमनला त्याचा शर्ट झटकायला लावला, आणि मग पान दोन पाठवावं म्हणून त्याच्याच हाती एक इनलँड लेटर दिलं.

रविवारचा सगळा दिवस फ्लॉप्या घालण्यात गेला. सोमवारी नऊला तिने फोन लावला. खोलीत नेहमीची शिट्टी, खरखर, पुन्हा शिट्टी झाली. पलीकडून नाव विचारलं, तिने आप्पांचं घातलं. शब्द विचारला, तोही घातला. पडद्यावर "ओके" आलं आणि लाइन तुटली.

तेवढ्यात बाहेर सोप्यात, घराच्या दर्शनी पडवीत, टेलिफोन वाजला आणि आईने उचलला.

यात नवल काहीच नव्हतं. अणशीच्या त्या वाडीत टेलिफोन एकच, आणि बत्तीस घरांनी आपापल्या नातेवाइकांना दिलेला पीपी नंबर तोच. पुण्यात, वास्कोत, बेळगावात असलेली मुलं इथेच फोन करत. फोन वाजला की जो जवळ असेल त्याने पहिल्याच रिंगला उचलायचा, "धर हां, बोलावतो" म्हणायचं आणि पायरीवर उभं राहून हाक घालायची, ही वाडीची रीत होती. दुसरी रिंग होऊ देणं म्हणजे पाहुण्याला पावसात उभं करणं. मार्चपासून त्यात समाचाराचे फोन मिसळले होते. ते आई घ्यायची आणि सुरुवातीपासून सगळं सांगायची. ताराला ते शब्दन् शब्द पाठ आहे असं वाटे, म्हणून टेलिफोन वाजला की ती आप्पांच्या खोलीचं दार लोटून घेई.

आईचं बोलणं संपेपर्यंत ताराला आठ मिनिटं थांबावं लागलं, कारण मशीन आणि टेलिफोन एकाच तारेवर होते. मग ताराने पुन्हा फोन लावला. पडद्यावर आलं: "आपला आजचा प्रयत्न झाला आहे. उद्या यावे." सातवीच्या वर्गाला तिने हेच वाक्य हजारदा ऐकवलं असेल. ते स्वतःला ऐकून घेण्याची तिची पहिलीच वेळ होती.

मंगळवारी तेच झालं. ओके, आणि लाइन तुटली. तिने दुपारी धारवाडला फोन करून केंद्राच्या कॉम्प्युटर विभागातल्या हेगड्यांना गाठलं.

"नोडरी बाई, बघा, इकडून सगळं सरी, एकदम ठीक आहे," हेगडे म्हणाले. "तुमचं नाव आत येतं, शब्द बरोबर येतो. पुढं तुमच्याकडंच काहीतरी होतं."

"काय होतं?"

"ते तुमच्याकडं होतं ना. मला कसं दिसणार?" मग जरा आवाज खाली आणून, "जवळ कोणी मोठं माणूस आहे का? त्यांना द्या फोन."

"मी अडतीस वर्षांची आहे," तारा म्हणाली.

"तसं न्हाई. मशीन कळणारं कोणी."

"होते."

हेगड्यांनी मग लाइनचा दोष असेल असं सांगितलं, आणि रीतसर तक्रार नोंदवायची तर ती प्रणालीत शिरूनच नोंदवावी लागते हेही सांगितलं. शिरता येत नाही हीच तक्रार आहे, असं तारा म्हणाली. त्यावर हेगडे, "व्हय, ते जरा अडचणीचं आहे," म्हणाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ताराला राग यायला हवा होता, आणि तो आलाही, पण त्याच्या मागून आणखी काहीतरी आलं. मार्चपासून ती सकाळी उठायची ती उठायचं असतं म्हणून. बुधवारी मात्र ती सहाला जागी झाली आणि तिच्या मनात पहिला विचार आला, की ओके म्हणून मग हाकलतं कशाला? दार न उघडणारा माणूस समजू शकतो. दार उघडून, नाव विचारून, "बरं" म्हणून पुन्हा दार लावणारा माणूस ही वेगळी गोष्ट होती. तिने एक दोनशे पानी वही काढली, तारीख, वेळ, काय बदललं, काय झालं असे रकाने आखले, आणि रोज एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. दिवसाला प्रयत्नही एकच मिळत होता. आणि दिवस पंधरा होते. आप्पांची मोजणी आप्पांच्या जाण्याने थांबली नव्हती. ती आपल्या हातात येऊन पाच महिन्यांत थांबली असं व्हायला तिची तयारी नव्हती.

लाइन बघायला परशू आला. परशू लाइनमन कुंभारवाड्यापासून अणशीपर्यंतची तार पायी चालत यायचा आणि वाटेतल्या प्रत्येक घरी चहा घ्यायचा, त्यामुळे दोष सापडला तरी तो संध्याकाळी सापडे. "कळकाचं बेट तारेवर वाकलं होतं, तोडलं," त्याने सांगितलं. "आता लाइन अशी हाय बाई, की धारवाडचा माणूस शिंकला तर तुमाला कळंल." गुरुवारी धारवाडचं ओके जास्त स्पष्ट आलं आणि लाइन जास्त स्वच्छ तुटली. वहीत तशी नोंद झाली.

मग पुंडलिककाका आले. पुंडलिककाका दांडेलीच्या कागद कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि यंत्र म्हणजे शेवटी यंत्रच, ते कागदाचं असो की कॉम्प्युटरचं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी कॉम्प्युटरच्या पाठीवर तळहात ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात.

"ओल धरलीय," ते म्हणाले.

"काका, तो आकडा घेतो, पडदा दिसतो, सगळं चालतं."

"वरनं चालतंय गे. आत ओल हाय. आमच्या रेडिओत म्या पंधरा वॅटचा बल्ब लावून ठेवतोय पावसाळाभर. रेडिओ कधी शिंकला न्हाई."

बल्ब लावला. हे सांगताना ताराला आजही थोडं अवघडल्यासारखं होतं, पण बल्ब लावला, कारण वहीत शुक्रवारचा "काय बदललं" हा रकाना रिकामा होता आणि रिकामा रकाना तिला सहन होत नसे. शुक्रवारी कॉम्प्युटर ऊबदार होता. ओके, लाइन तुटली. शनिवारी पुंडलिककाकांनी मशीन चुलीच्या मांडवावर, सुपारी वाळवतात तिथे, दोन तास ठेवायचा प्रस्ताव मांडला. तो मात्र तिने आईच्या पाठिंब्याने फेटाळला. आईचं म्हणणं एवढंच की मांडवावर कोकम आहे.

दुसऱ्या सोमवारी, आठव्या दिवशी, केंद्राचं उत्तर आलं. फार तत्परतेने आलं होतं आणि अर्थात आप्पांच्या नावे आलं होतं. "आपल्या पत्राच्या संदर्भात कळविण्यात येते की, पान दोन आता प्रणालीतच उपलब्ध असून, आत प्रवेश केल्यावर ते वाचता येईल." ताराने पत्र दोनदा वाचलं, वहीत चिकटवलं आणि शाळेत गेली. त्या दिवशी सातवीने काहीही चुकीचं उत्तर दिलं तरी ती काही बोलली नाही, म्हणून पोरं घाबरली.

नवव्या दिवशी पहाटेच वीज गेली आणि दुपारपर्यंत आली नाही. मशीन सुरूच झालं नाही. तारा साडेनऊला सोप्यात येऊन बसली. आई टेलिफोनपाशी बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती आणि अधूनमधून टेलिफोनकडे बघत होती.

"आज त्याचा फोन न्हाई आला," आई म्हणाली.

"कुणाचा?"

"हाय एक माणूस. रोज नऊला करतो."

पीपीवाला कोणी असेल, असं समजून ताराने पुढे विचारलं नाही. अकराव्या दिवशी मापकाची बाटली धुताना तिच्या हाताला काच लागली, पट्टी बांधून मशीन लावेपर्यंत नऊ-वीस झाले. ओके, लाइन तुटली, सोप्यात टेलिफोन वाजला. ती वहीत लिहायला बसली: "वेळ बदलली, ९.२०. परिणाम तोच." आणि बाहेरून आईचा आवाज आला, "आज उशीर केलासा. मला वाटलं, बरं बिरं नाही की काय."

तारा लिहायची थांबली. आज तिने पहिल्यांदाच दार लोटलं नव्हतं, हाताला पट्टी होती म्हणून.

आई बोलत होती. कालच्या पुढचं काहीतरी सांगत असावी तसं. मध्ये थांबे, ऐकल्यासारखं करी, पुन्हा बोले. सात मिनिटांनी "बरं, ठेवते मग" म्हणून तिने फोन ठेवला.

"आई, कोण आहे गं हा माणूस?"

"नाव न्हाई सांगत. बोलतच न्हाई काही."

"मग काय करतो?"

"ऐकतो," आई म्हणाली. "पहिल्या दिवशी म्या हॅलो म्हटलं, तर गप्प. मला वाटलं, आप्पांचं कळलं असंल आत्ताच, रडू आलं असंल. बरीच माणसं तशी गप्प होतात गे फोनवर. म्हणून म्या सांगत गेले. मध्येच टुण् करून एक आवाज येतो, म्हणजे हाय तिकडं, गेला न्हाई. पाच-सात मिनिटं ऐकतो आणि जातो. कधी घाई केली न्हाई बिचाऱ्यानं."

"किती दिवस?"

"झाले की धा दिवस. मधी एक दिवस न्हवता. लाईट नव्हती बघ, त्या दिवशी."

तारा उठली, आत गेली, वही घेऊन बाहेर आली आणि आईच्या समोर बसून तारखा वाचू लागली. वीज गेली, फोन नाही. नऊ-वीसला मशीन लावलं, नऊ-वीसला फोन. कळक तोडला, बल्ब लावला, ओल, लाइन, हे सगळे रकाने तिथेच सोप्यात एकामागून एक कोसळले. बाहेर पर्जन्यमापकावर पाऊस वाजत होता.

तिने धारवाडला फोन लावला.

"हेगडे, तुमचा कॉम्प्युटर ओके म्हणून फोन ठेवतो आणि आम्हाला उलट फोन करतो का?"

"हां, मग?" हेगडे म्हणाले. "सुरक्षेसाठी. तुम्ही खरंच तुमच्या घरातनं बोलता का, बघायला नको? यादीतल्या नंबरावर तो फोन करतो, दोन रिंग झाल्या की तुमचं मशीन उचलतं, मग पुढचं काम. पान दोनवर आहे ना सगळं."

ताराने त्यांचे आभार मानून फोन ठेवला. आभार मानताना कोणत्या शब्दात मानले ते मात्र तिने वहीत लिहिलं नाही.

आईला सांगणं जास्त अवघड होतं. दुपारी आठळ्या उकडत असताना तिने सांगितलं. आईने सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग ते मध्येच टुण् करायचा ते?"

"पलीकडे मशीन आहे का, असं विचारायचा."

"म्हणजे म्या बोललेलं काही ऐकलं न्हाई त्यानं."

"ऐकलं असेल," तारा म्हणाली. "समजलं नसेल."

"समजणारे लय येऊन गेले," आई म्हणाली, आणि तिने चुलीवरचं झाकण काढून आठळ्या शिजल्या का ते बघितलं.

बाराव्या दिवशी शुक्रवारी पावसाने सगळ्याच लाइनी मेल्या. परशूने रात्रीतून त्या सांधल्या. तेरावा दिवस. ताराने आईला बजावून सांगितलं: नऊला फोन वाजेल, उचलायचा नाही. दोन रिंगांनी तो आपोआप गप्प होईल. आई व्हय म्हणाली. नऊला ओके आलं, लाइन तुटली, टेलिफोन वाजला, आणि पहिल्याच रिंगला थांबला. तारा बाहेर धावली. आईच्या हातात रिसीव्हर होता.

"आई."

"त्याला एवढंच सांगितलं, की उद्यापासनं म्या उचलणार न्हाई म्हणून. न सांगता कसं बंद करायचं?"

त्या दिवसाचा प्रयत्न संपला होता.

चौदाव्या दिवशी, रविवारी, आई स्वयंपाकघरात जाऊन बसली, हात पदरात गुंडाळून. टेलिफोन वाजला. सोप्यात म्हादू दुकानदार होता, त्याच्या मुलाचा वास्कोहून फोन येणार होता म्हणून तो आठपासून बाकावर बसला होता. म्हादूने तो उचलला. "धर हां, बोलावतो," असं धारवाडच्या मोठ्या कॉम्प्युटरला सांगून त्याने पायरीवर उभं राहून विचारलं, "कुणाचं रे हे? काय बोलत न्हाई. नुसतं टुण् करतंय."

तारा आप्पांच्या खोलीच्या दारात उभी होती. तिचा चेहरा बघून म्हादूने रिसीव्हर हळूच खाली ठेवला, अंडं ठेवावं तसा. "मी काय चुकलो काय गे, बाय?" त्याने विचारलं.

चुकला नव्हता. वाडीतल्या कोणीही तेच केलं असतं, आणि उद्याही करेल, हीच भीती होती. त्या संध्याकाळी तारा छत्री घेऊन बत्तीस घरं फिरली. पान दोन तिने स्वतःच तयार केलं होतं आणि दारादारात ते तोंडी वाचून दाखवलं. उद्या नऊला फोन वाजेल. कोणी उचलायचा नाही. बहुतेकांनी विचारलं, मग वाजवतो कशाला. पुंडलिककाकांनी मान डोलावून सांगितलं की त्यांना पहिल्या दिवसापासून शंका होती.

पंधराव्या दिवशी पावणेनऊला सोपा भरला. कोणी उचलणार नाही याची खात्री करून घ्यायला प्रत्येक जण आला होता. परशू आप्पांच्या खोलीच्या दारात, पुंडलिककाका बाकावर, म्हादू स्वतःचे दोन्ही हात काखेत दाबून. आई टेलिफोनच्या अगदी जवळ होती. तिथून उठ, असं तिला कोणी म्हटलं नाही.

ओके. लाइन तुटली.

टेलिफोन वाजला. त्या सोप्यात पंधरा-वीस माणसं होती आणि सगळी एकदम पुढे झुकली, जशी भाताची लावणी करणाऱ्या बायकांची रांग झुकते. पहिली रिंग संपली. आईचा हात गुडघ्यावरून उचलला गेला होता, तो तिने दुसऱ्या हाताने धरला. दुसरी रिंग सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदा दुसरी रिंग ऐकणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर पाप केल्यासारखं काहीतरी होतं. "कुणाचं तरी महत्त्वाचं असलं तर?" कोणीतरी पुटपुटलं. आणि आतून शिट्टी ऐकू आली, खरखर, पुन्हा शिट्टी.

ताराने पंधरा दिवसांचे आकडे एकामागून एक ठेवले. एकशे बेचाळीस, अठ्ठ्याण्णव, दोनशे सात. प्रत्येकापुढे खूण उमटत गेली. शेवटी पडद्यावर आलं: "ठाणे चालू. पान दोन वाचण्यासाठी कोणतेही बटण दाबावे." तिने दाबलं नाही.

माणसं पांगली. शाळेला अजून अर्धा तास होता. आई टेलिफोनपाशी तशीच बसली होती आणि टेलिफोन गप्प होता. तारा बाहेर येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसली.

आई बोलू लागली. त्या दिवशी सकाळी ते मापकाकडं गेले, इथपासून. हे सगळं ताराला माहीत होतं. मध्ये आई थांबली तेव्हा ती फक्त "हं" म्हणाली, आणि आई पुढे निघाली.

"मार्च म्हणजे पाऊस कुठला? पण बाटली उपडी करून बघितलीच. आत आले आणि म्हणाले, शून्य. वही घेतली आणि म्हणाले, इंदू, हात जड झालाय, तू काढ. म्या म्हटलं, मला कुठं लिवता येतंय. तर म्हणाले, शून्य काढायला लिहिता कशाला यायला पाहिजे. मग म्या काढलं."

आप्पा गेले त्या दिवशीचं, चौदा मार्चचं ते वाकडं शून्य ताराने कितीतरी वेळा बघितलं होतं. आप्पांचा हात थरथरला असेल, असं समजून तिने दर वेळी ते पान घाईने उलटलं होतं.

"मग?" तिने विचारलं.